जुन्या बुलेटचं ऑइल कुठून गळते ते शोधून देणारं गॅरेज (वरुड-मोर्शी रोड)

ज्यांच्याकडे जुनी कास्ट आयर्न बुलेट आहे, म्हणजे उजव्या पायाला गेर अन् डाव्या पायाला ब्रेकवाली, अन् गाडी उभी राहते तिथली फरशी काळी झाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. अमरावती जिल्ह्यात वरुडहून मोर्शीकडे जाताना रोडला लागूनच एक टिनाचं शेड आहे, बोर्ड नाही, बाहेर राजदूत अन् येझदीचे सांगाडे उभे दिसतात. तिथले मिस्त्री ऑइल गळती शोधाचे वेगळे पैसे घेतात, ३०० रुपये, अन् ते पैसे मी दरवेळी खुशीनं देईन. रिपेरिंगचे पैसे वेगळे. बरेच लोक इथंच भडकतात की बाप्पा नुसतं पाहाचे कायचे पैसे, पण माझ्या मते पूर्ण गॅरेजमधी सगळ्यात मोलाचं काम तेच आहे.

माझी गाडी ८० च्या दशकातली आहे, ३५०. संत्र्याच्या तोडीच्या दिवसात ती घरीच उभी राहते कारण सगळी धावपळ ट्रॅक्टर अन् पिकअपवर असते. अशी उभी राहून मग काढली की पहिल्या किकनंतर सायलेन्सरमधून धूर, ब्रीदरच्या (इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑइल, अन् उजव्या बाजूनं इंजिनचा खालचा अर्धा भाग पूर्ण ओला. मी आधी तालुक्याच्या एका दुसऱ्या वर्कशॉपमधी दाखवली होती. तिथं गाडी स्टँडवर लावली, खालून बॅटरी मारली, टायमिंग कव्हरच्या (इंजिनच्या उजव्या बाजूच्या झाकणाच्या) खालच्या कडेला थेंब दिसला अन् लगेच टायमिंग कव्हर उघडलं. नवीन गॅसकिट टाकलं, वरून सिलिकॉन चोपडलं, पैसे घेतले. आठवड्याच्या आत पुन्हा तेच. मग म्हणे क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवते त्या दांड्याचं) सील गेलं असन, इंजिन उतरवा लागते, पूर्ण खोला लागते, अन् जो आकडा सांगितला तो ऐकून घरचे म्हणाले विकून टाक आता.

ह्या मिस्त्रींकडे गेलो तेव्हा त्यांनी पाना हातातच घेतला नाही. म्हणाले, "भाऊ, अख्खी गाडी तेलानं माखेल हाय, आता कुठून गयते ते कोनाले दिसन? पयले धुऊन तं काढू."

अन् धुणं म्हणजे वॉशिंग सेंटरसारखं पाण्याचा फवारा नाही. तसा प्रेशर मारला तर पाणी पॉइंटच्या (ठिणगी पाडणाऱ्या) डब्यात जाते अन् मग गाडी चालू न होण्याचं वेगळं दुखणं मागं लागते. त्यांनी डिझेल अन् ब्रश घेतला, सिलेंडरच्या एकेका फिनच्या मधातून, बोल्टच्या डोक्याच्या आजूबाजूनं सगळा चिकटलेला फुफाटा काढला, मग कपड्यानं कोरडं केलं. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ अन् ऑइल मिळून जो थर बसते ना तो खरवडूनच काढा लागते, पण त्याचाच एक फायदा त्यांनी दाखवला. थर जिथं सगळ्यात जाड, तिथं गळती जुनी आहे.

पण धुण्याच्याही आधी त्यांनी जे केलं ते मले सगळ्यात आवडलं. मी गाडी पिकअपमधी टाकून नेली होती कारण फोनवर कोणीतरी सांगितलं होतं की मिस्त्री थंड गाडी मागतात, चालू करून आणू नका. त्यांनी खाली ट्रे ठेवला अन् क्रँककेसचा, म्हणजे क्रँक फिरते त्या खालच्या डब्याचा, ड्रेन बोल्ट उघडला. ऑइलच्या टाकीचा नाही, क्रँककेसचा, दोन वेगळे बोल्ट राहतात हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. अर्ध्या लिटरच्या वर ऑइल निघालं. तिथं असं नुसतं थोडं बुडाला लागलेलं पाहिजे.

आता हे समजून घ्या कारण अर्धी भानगड इथंच आहे. जुन्या बुलेटचं ऑइल इंजिनच्याच ओतीव भागात मागच्या बाजूला एका वेगळ्या खणात राहते, २ लिटरच्या वर. एक पंप ते ऑइल क्रँककडे पाठवते अन् दुसरा पंप खाली जमलेलं ऑइल परत खणात ओढते. गाडी बंद असताना पंपाची बैठक घासलेली असली तर ऑइल हळूहळू पाझरून खाली क्रँककेसमधी उतरते. ह्याला वेट संपिंग म्हणतात. आमच्या मे महिन्याच्या उन्हात ऑइल पातळ झालं की आणखीच लवकर उतरते. अन् लोक काय करतात, उभ्या गाडीची डिपस्टिक पाहतात, ऑइल कमी दिसते, वरून अर्धा लिटर टाकतात. मग किक मारली की खाली साठलेलं अन् वरून टाकलेलं मिळून जास्तीचं ऑइल जिथून वाट सापडन तिथून बाहेर येते. मिस्त्रींचं म्हणणं असं की थोडी चालवून मग लेव्हल पाहाची, उभ्या गाडीची पाहून कधीच ऑइल टाकाचं नाही.

मले जुन्या गाड्यांचं वाचाचा नाद आहे म्हणून सांगतो, हे फक्त आपल्या बुलेटचं नाही. पोर्शाची ९११ आहे ना, ती १९९८ पर्यंत हवेवर थंड होणाऱ्या इंजिनवर बनत होती, त्यात तर ऑइलची टाकी इंजिनपासूनच वेगळी, अन् तिची लेव्हलसुद्धा इंजिन गरम अन् चालू असताना, सपाट जागेवर उभी करूनच पाहा लागते. एवढी महागडी स्पोर्ट्स कार अन् नियम तोच. हवेवरच्या इंजिनमधी ऑइलला नुसतं चोपडं ठेवाचं काम नसते, उष्णता वाहून नेण्याचं मोठं काम तेच करते, म्हणून तिथं ऑइलची गळती हलक्यात घ्याची नसते.

मग पावडर. साधी अंगाला लावाची टाल्कम पावडर, जाळीच्या कपड्यातून पूर्ण उजव्या बाजूवर उडवली, इंजिन पांढरं फटक. डाव्या बाजूलाही थोडी, चेन केसच्या (इंजिनहून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या डब्याच्या) जोडावर. खणात २० डब्ल्यू ५० ऑइल लेव्हलपर्यंत, अन् मले म्हणाले जा, इंजिन चांगलं तापेस्तोवर चालवा, पण सावकाश, ४० च्या वर नको. कारण जोरात नेली की हवेनं ऑइल मागं ओढल्या जाते अन् मग थेंब एका ठिकाणी पण निघालं दुसऱ्याच ठिकाणून असं होते. आल्यावर त्यांनी वरून खाली अन् समोरून मागं असं पाहाला सुरुवात केली. ऑइल वर चढत नाही, म्हणून सगळ्यात वर अन् सगळ्यात समोर जिथं पावडर ओली झाली ते खरं ठिकाण, खालचं सगळं नुसतं वाहत आलेलं. ह्या एका गोष्टीसाठी मी ३०० रुपये दिले असं समजा.

रॉकर कव्हर कोरडे. रॉकरला जाणाऱ्या ऑइलच्या नळ्यांचे तांब्याचे वायसर कोरडे. हेडचा जोड कोरडा. अन् सिलेंडरच्या उजव्या बाजूला टॅपेटचं (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यांपाशी) जे छोटं झाकण राहते, एकाच नटावर बसणारं, त्याच्या खालच्या कडेनं एक बारीक ओली रेघ निघून सरळ टायमिंग कव्हरवर उतरलेली. म्हणजे टायमिंग कव्हर बिचारं निर्दोष होतं, ऑइल वरून येत होतं अन् त्याच्या कडेला येऊन टपकत होतं.

इथं दुसरा कोणी असता तर त्यानं ते झाकणाचं गॅसकिट बदलून मोकळं केलं असतं. मिस्त्री म्हणाले, "गॅसकिट तं बदलूच, पन त्याले एवढं जोर लावून बाहेर कोन ढकलून राह्यलं ते पाहा लागते ना." मग ब्रीदर उघडला. पिस्टन खाली येते तेव्हा क्रँककेसमधली हवा ब्रीदरमधून बाहेर गेली पाहिजे, अन् नळीच्या टोकाला रबरी व्हॉल्व राहते जो हवा बाहेर सोडते पण आत घेत नाही. माझा व्हॉल्व कडक होऊन चिकटून गेला होता, नळीत काळा गाळ. हवा कोंडली की दाब वाढते अन् जो जोड सगळ्यात कमजोर त्यातून ऑइल घेऊन निघते. सील कितीही नवीन टाका, ब्रीदर बंद असन तर आज ना उद्या दुसरीकडून गळनच.

अन् क्रँकचं सील? त्यासाठी त्यांनी डाव्या बाजूच्या प्रायमरी चेन केसचा लेव्हल स्क्रू उघडला. तिकडचं सील गेलं असलं तर इंजिनचं ऑइल चेन केसमधी जाते अन् तिथली लेव्हल आपोआप वाढते, ऑइल काळं पडते. माझी लेव्हल होती तेवढीच, ऑइलचा रंगही साफ. म्हणजे इंजिन खोलाची काही गरज नव्हती. हे पाहाला एक स्क्रू लागतो. ज्यानं मले इंजिन उतरवाला सांगितलं त्यानं हा एक स्क्रू उघडला नव्हता, ह्याचा राग मले अजूनही येते.

काम काय केलं ते थोडक्यात. ब्रीदरची नळी अन् रबर नवीन. टॅपेटचं झाकण नट जास्त आवळून आवळून वाकलं होतं, ते काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केलं, गॅसकिट स्वतः कापलं. फीड पंपाची (क्रँककडे ऑइल पाठवणाऱ्या) चकती लॅपिंग पेस्टनं बैठकीवर घासून बसवली. टायमिंग कव्हरमधलं आधीच्यांचं सिलिकॉन पूर्ण काढलं, त्याचे तुकडे फिल्टरच्या फेल्टला चिकटलेले त्यांनी मले हातावर ठेवून दाखवले. असा एखादा तुकडा क्रँकला ऑइल नेणाऱ्या बारीक भोकात अडकला असता तर बिग एंड (क्रँकवरचं बेअरिंग) गेला असता, अन् तेव्हा खरंच इंजिन खोला लागलं असतं. सगळं मिळून, शोधाचे ३०० धरून, बिल २,१०० च्या आत. पंपाचं काम हातानंच केलं म्हणून एवढ्यात झालं.

आता कमी काय आहे तेही सांगतो. वेळ सांगत नाहीत, अन् सांगितली तर पाळत नाहीत. गाडी सोडून जा, फोन केला तर उचलत नाहीत कारण हात ऑइलचे राहतात. पावती मिळत नाही. बाहेर गिऱ्हाइकाला बसाला सावली नाही, उन्हाळ्यात दुपारी जाऊच नका. ब्रीदरच्या रबरासारखे पार्ट त्यांच्याकडे राहत नाहीत, नागपूरहून मागवले तर दोन-चार दिवस जातात, तुम्ही स्वतः आणून दिले तर बरं, पण डुप्लिकेट आणला तर परत करतात, लावत नाहीत. नवीन बुलेट, क्लासिक, मीटिऑरवाले जाऊ नका, ते घेतच नाहीत, सरळ शोरूमला पाठवतात. अन् ज्याला घाई आहे त्याचं ह्यांच्याशी जमणार नाही, हे मी मनापासून सांगतो, कारण मधातच काम सोडून चहाला जाऊन विचार करतात अन् आल्यावर कधी आधीचं म्हणणं बदलतात. मले ते पटते. जो चुकला तर मान्य करून पुन्हा पाहते त्याच्या हाती मी गाडी देतो.

सध्या टायमिंग कव्हर कोरडं आहे, फरशीवर डाग नाही. किकच्या शाफ्टपाशी गेरबॉक्स थोडा ओला होते, ते त्यांनी मले आधीच दाखवलं होतं अन् म्हणाले हे गेर ऑइल हाय, इंजिनाचं नाई, आत्ता हात लावू नका, क्लच काढाचं काम निघन तवा संगंच करू. बाजाराच्या दिवशी बंद राहते. जाताना गाडी चालू करून नेऊ नका, आदल्या रात्रीपासून उभी ठेवा, धुऊनही नेऊ नका, जशी माखली आहे तशीच न्या.