डीयू टॉवरखाली ठेवायचा की एका खोलीत गोळा करायचा?

डीयू म्हणजे मोबाइल बेस स्टेशनचा सिग्नलवर प्रक्रिया करणारा भाग. नव्या ५जी साइट्सचा आराखडा करायला बसलं की पहिला वाद इथेच होतो. माझं मत आधीच सांगतो: आकृती बघून ठरवू नका, फायबर मोजून ठरवा.

बेस स्टेशनचे आता तीन तुकडे झालेत: अँटेनाजवळचा आरयू (रेडिओ युनिट), वेळेच्या बाबतीत काटेकोर असलेला डीयू (डिस्ट्रिब्युटेड युनिट) आणि त्यावरचा सीयू (सेंट्रल युनिट). तोड (स्प्लिट) कुठे घ्यायची याचे ३जीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने आठ पर्याय मांडले, पण प्रत्यक्षात गाडी दोनच स्प्लिटवर येऊन थांबते. पर्याय २ डीयू आणि सीयूच्या मध्ये, ओ-रॅन या खुल्या रेडिओ नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या गटाचा ७.२एक्स आरयू आणि डीयूच्या मध्ये. जुना पर्याय ८, म्हणजे प्रत्येक अँटेनाचा कच्चा सिग्नल तसाच पाठवणारा सीपीआरआय, विसरून जा. २० मेगाहर्ट्झ आणि दोन अँटेनांच्या ४जी सेललाच त्यात सुमारे २.४६ जीबीपीएस लागतात, तेही सेलवर एकही ग्राहक नसला तरी. हाच हिशोब १०० मेगाहर्ट्झ आणि ६४ अँटेनांना लावला की आकडा ३०० जीबीपीएसच्या पुढे जातो. ७.२एक्समध्ये मागणी अँटेनांवर नाही, लेयरच्या, म्हणजे एकाच वेळी जाणाऱ्या डेटाच्या प्रवाहांच्या, संख्येवर ठरते. म्हणून असा सेल बहुतेक वेळा २५ जीबीपीएसच्या एका लिंकमध्ये मावतो.

डीयू एका खोलीत गोळा करण्याचे फायदे खरे आहेत. बीकेसीतली ऑफिसं संध्याकाळी रिकामी होतात तेव्हा शेजारच्या कुर्ल्यात घराघरांत मोबाइल सुरू होतात. दोन्हींचे डीयू एकत्र असले तर तीच सर्व्हर-क्षमता दोन्हीकडे वापरता येते. एकमेकांच्या अंगावर येणाऱ्या सेलचा ताळमेळही बसवता येतो. शिवाय टॉवरखालचं कॅबिनेट लहान होतं.

अडतं ते वेळेपाशी. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात आणि ७.२एक्सला एका बाजूने साधारण १०० मायक्रोसेकंदच हाताशी असतात. म्हणजे २० किलोमीटर, आणि मधल्या स्विचनी आपला वाटा घेतला की त्याहून कमी. एका साइटचं अंतर नकाशावर ९ किलोमीटर दिसत होतं. ओटीडीआर (फायबरची लांबी मोजणारं यंत्र) लावला तर फायबर निघाली २३ किलोमीटर, कारण रिंग शहराला उलटा वळसा घालून येत होती. उपकरणांची ऑर्डर त्याआधीच गेली होती. तो ट्रेस मी आजही नव्या मुलांना दाखवतो.

डीयू टॉवरखालीच ठेवला तर ही कटकट उरत नाही. पुढचा प्रवास पर्याय २ चा. ३जीपीपीच्या अभ्यासात त्याला १.५ ते १० मिलिसेकंद चालतात आणि १०० मेगाहर्ट्झच्या सेलला ४ जीबीपीएसच्या आसपास क्षमता पुरते. घाटमाथ्यावर फायबर नसेल तर चांगली मायक्रोवेव्ह लिंकही चालू शकते. बिघाड झाला तर एकच साइट जाते. मधल्या खोलीची वीज गेली तर तिच्यावरच्या सगळ्या साइट्स एकदम जातात, हे रात्री फोन उचलणाऱ्याला विचारा. किंमत मोजावी लागते ती प्रत्येक टॉवरखाली सर्व्हर, बॅटरी आणि उन्हाळ्यातल्या उष्णतेची.

माझा कौल असा: दाट शहर, स्वतःची किंवा भाड्याची डार्क फायबर (फक्त आपल्यासाठी मोकळी असलेली) आणि मोजलेलं अंतर १५ किलोमीटरच्या आत, तर डीयू गोळा करा. यातली एक अट जरी हुकली तरी तो टॉवरखाली ठेवा. फायबर भाड्याची असेल तर मार्ग न कळवता बदलायचा नाही, हे करारात लिहून घ्या. नाहीतर आज बसलेलं गणित पुढच्या दुरुस्तीत मोडेल.

सीयू मात्र दोन्ही बाबतीत वर, मोठ्या केंद्रात नेता येतो. त्याचा युजर प्लेन (ग्राहकाचा डेटा वाहणारा भाग) आणि यूपीएफ (तो डेटा पुढच्या नेटवर्ककडे सोडणारा कोअर नेटवर्कचा भाग) यांचा विचार वेगळा करा. चाकणच्या कारखान्यातल्या रोबोटचा डेटा १००० किलोमीटरवरच्या केंद्रातून फिरून आला तर नुसत्या फायबरमध्ये १० मिलिसेकंद जातात. तिथे हे दोन्ही कारखान्याच्या आवारात बसवा. कंट्रोल प्लेन (जोडणीच्या सूचना सांभाळणारा भाग) दूर राहिला तरी रोबोटच्या डेटाला वळसा पडत नाही.