बाहेरून एमए की रेग्युलर? बायकोच्या दोन प्रवेशांनंतर

बाहेरून करावं, ही शिफारस माझीच होती, हे आधीच कबूल करतो. बायकोने चौदा वर्षांनी एमए इतिहासाचा विषय काढला तेव्हा मी दहा मिनिटांत निकाल दिला होता: मुलगा पाचवीत, आई घरी, चिंचवडहून शिवाजीनगरला रोज कोण जाणार? मुक्त विद्यापीठात नाव घाल, घरी बसून होईल. ती वर्षभर घरी बसली. मग ते सोडून तिने एका कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून रेग्युलर प्रवेश घेतला. म्हणजे दोन्हीकडची फी आम्ही भरलेली आहे, तेवढ्या अधिकारावर लिहितोय.

कागदपत्रांचा ताप दोन्हीकडे सारखाच. बीएची पदवी माहेरच्या नावावर, मधलं नाव वडिलांचं. आधारवर मधलं नाव माझं आणि आडनावही माझं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र, शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र, जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन (तिथून मोकळं केल्याचा दाखला) हे सगळं प्रवेश सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधीच काढून ठेवा. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही, नुसत्या खेपा आहेत.

पदवीच्या वजनाची शंका माझ्या सासऱ्यांना होती, तशी बऱ्याच जणांना असते. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलेलं आहे. नेट-सेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांनाही ती चालते. खुल्या प्रवर्गाला एमएला 55 टक्के हवेत, एवढं बघा. वयाची अट जेआरएफला (संशोधनाच्या शिष्यवृत्तीला) आहे, सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला नाही. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला हे वाचून जरा बरं वाटतं.

बाहेरूनच्या बाजूने बोलायचं तर मनापासून बोलता येईल. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं उदाहरण घ्या: दोन वर्षांचा एमए चार वर्षांपर्यंत ताणता येतो, परीक्षा जूनला नाही जमली तर डिसेंबरला देता येते, आणि पुस्तकं ई-ज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. प्रवेश घेण्याआधी त्यातले दोन-तीन घटक वाचून बघा, विषय झेपेल की नाही ते तिथेच कळतं. स्वाध्याय हाताने लिहायचे असतात. बायको सुरुवातीला कुरकुरली, पण इतक्या वर्षांनी तीन तासांचा पेपर लिहायची सवय हाताला त्यामुळेच लागली.

मग बिनसलं कुठे? दाराच्या बेलवर.

'घरी बसून एमए' मधलं 'घरी बसून' एवढंच सगळ्यांना ऐकू येतं. कुरियर, सिलिंडर, शेजारच्या काकूंचा दुधाचा निरोप, सोसायटीच्या टाकीचं काम, पाचवीतल्या मुलाचा विसरलेला डबा. कुणाचा हेतू वाईट नसतो. ती घरी आहे, एवढंच. तिने एका मंगळवारी अकरा ते दोन या वेळात अभ्यासावरून उठावं लागेल तेव्हा वहीच्या मागच्या पानावर एक रेघ मारायची ठरवलं. संध्याकाळी ते पान माझ्यापुढे ठेवलं. नऊ रेघा होत्या. त्यातल्या दोन माझ्या फोनच्या: एक 'प्लंबर येतोय, दार उघड', दुसरा 'आला का?'

आमच्याकडे मोजमाप म्हणाल तर तेवढंच. पण वरवर नीट चाललेलं वर्ष कुठे गळतंय ते त्या पानावर दिसलं. परीक्षेच्या आठवड्यात सगळे जपतात, आई तर टीव्हीचा आवाजही कमी करायची. एरवीच्या मंगळवारी कोण जपणार? आणि एमए होतो तो एरवीच्या मंगळवारांवरच.

रेग्युलरचं कौतुक मी फार करणार नाही, कारण त्रास खरा आहे. 75 टक्के हजेरीचा नियम आहे. धडपडत पोचावं तर पहिला तास रद्द, दुसरा दीडला. मुलगा आजारी पडला की दोघांपैकी कुणाची रजा, यावर घरात शब्दाला शब्द लागतो. वर्गातली मुलं बाविशीची; पहिला आठवडा तिला 'मॅडम' म्हणत होती, मग 'ताई' वर आली, आणि आता नोट्ससाठी आमच्या घरी फोन करतात.

पण घराबाहेर पडलेल्या माणसाला कुणी दार उघडायला बोलावत नाही. शिवाय काही गोष्टी समोर बसूनच येतात. तिला मोडी शिकायची होती. मोडीचे तक्ते आणि व्हिडिओ हवे तेवढे मिळतात, पण लेखणी न उचलता एका दमात लिहिलेल्या ओळीत शब्द कुठे तुटतो, हे शेजारी बसून बोट ठेवून दाखवणारं कुणीतरी लागतं. तास रद्द झाला की ती आता जुनी कागदपत्रं बघायला पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वाटेला लागते. चिंचवडच्या डायनिंग टेबलवरून ती कधी तिकडे गेली असती असं मला वाटत नाही.

तुमचं घर आमच्यासारखंच असेल असं नाही. नोकरी सोडता येत नसेल, बदलीची शक्यता असेल, किंवा गाव असं असेल की एमएचं कॉलेज दोन तासांवर, तर बाहेरूनच करा, बिचकू नका. फक्त मग अभ्यासाची जागा घराबाहेर शोधा. एखाद्या अभ्यासिकेची महिन्याची फी ही एमएच्या फीचाच भाग धरा. हे आम्हाला पहिल्या वर्षी सुचलं असतं तर कदाचित दुसरा प्रवेश घ्यावाच लागला नसता. कॉलेज मात्र तासाभराच्या आत असेल आणि घरचे दोन वर्षं थोडी ओढाताण सोसणार असतील, तर मी रेग्युलरकडे झुकेन. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष पूर्ण करून पदव्युत्तर पदविका घेऊन थांबताही येतं, त्यामुळे अर्ध्यात सोडलं तर सगळंच वाया, ही भीती तेवढी उरलेली नाही.

सिलिंडरच्या नोंदणीला आता माझा मोबाईल नंबर दिलाय. डिलिव्हरीचा कोड मीटिंगमध्ये येतो, मग मी बाहेर जाऊन शेजारच्या काकूंना फोन करून तो सांगतो. साहेबांनी एकदा विचारलं, घरी कुणी नसतं का?