कलर केलेल्या केसांवरचं गेलेलं कवच: कंडिशनर, सीरम, खोबरेल की बाँड ट्रीटमेंट, पैसे कशावर घालायचे?

केस कलर करून सहा महिने झाले की सगळ्यांची तक्रार एकच, मुळांपाशी केस छान आणि शेंड्यांकडे नुसता गुंता. मग कोणी सांगतं सीरम घे, कोणी म्हणतं खोबरेलच बरं, पार्लरवाली तर कलर धुतानाच स्पाचं पॅकेज गळ्यात मारते. कंडिशनर, सीरम, खोबरेल आणि बाँड ट्रीटमेंट या चौघांचं काम वेगवेगळं आहे, त्यामुळे "सगळ्यात चांगलं कुठलं" असं विचारून उपयोग नाही, आधी गेलंय काय ते बघायला लागतं.

केसाच्या सगळ्यात बाहेर चरबीचा एक अगदी पातळ थर असतो, साधारण एक नॅनोमीटरचा. त्यातलं मुख्य फॅटी ॲसिड म्हणजे 18-एमईए, आणि ते वरून लावलेल्या तेलासारखं नुसतं बसलेलं नसतं, केसाच्या प्रोटीनला रासायनिक बंधाने पक्कं जोडलेलं असतं. शॅम्पूने ते सहजासहजी जात नाही. पण पर्मनंट कलर म्हणजे अल्कली आणि पेरॉक्साइड, आणि ही जोडी नेमका तो बंधच तोडते. "अमोनिया फ्री" वाचून खूश होऊ नका, त्यात बहुतेक वेळा अमोनियाच्या जागी मोनोइथेनॉलअमाइन नावाचं दुसरं अल्कली असतं, वास येत नाही एवढंच, पेरॉक्साइड तर असतंच.

घरी बघायचं असेल तर कोरड्या केसांची एक बट हातात धरा आणि मुळाजवळच्या नव्या, कलर न लागलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवा, मग तसाच एक खाली शेंड्यांकडे. वरचा थेंब अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसतो, खालचा पसरून आत मुरतो. म्हणजे खालचा केस आता पाणी ओढणारा झालाय, आणि शिवाय त्याच्यावर ऋण भार, म्हणजे विजेचा निगेटिव्ह चार्ज, वाढलाय. हे ऋण भाराचं लक्षात ठेवा, खरेदीचा सगळा हिशोब त्याच्यावरच आहे.

आता कंडिशनर. साधा, बाटलीतला, धुवून टाकायचा. लेबलवर बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड आणि सोबत सिटिअरिल अल्कोहोल दिसलं की ठीक आहे (हे अल्कोहोल मेणासारखं असतं, केस कोरडे करणारं नाही, उगाच घाबरू नका). पहिल्या दोन्हींवर धन भार (पॉझिटिव्ह चार्ज) असतो म्हणून ते केसाला चिकटतात, आणि जिथे केस जास्त खराब तिथे जास्त चिकटतात, शेंडे दाखवावे लागत नाहीत त्यांना. वरती चरबीचा तात्पुरता थर होतो, कंगवा सरकन फिरतो. पुढच्या शॅम्पूला तो बराचसा निघून जातो, म्हणून प्रत्येक धुण्याला लावायचा. पार्लरमधला हेअर स्पा बऱ्याचदा हेच, फक्त घट्ट क्रीम, वाफ आणि मान-खांद्यांचा मसाज. मसाजसाठी जायचं असेल तर खुशाल जा!

सीरम घेताना लोक फसतात ते इथे. "आर्गन ऑइल" लिहिलेल्या बाटलीत बहुतेक वेळा सिलिकॉन मुख्य आणि आर्गन नावाला, त्यात वाईट काही नाही, सिलिकॉन चांगलंच काम करतं, पण कुठलं सिलिकॉन ते बघा. डायमेथिकोन चरबीच्या पृष्ठभागावर छान बसतं, म्हणजे तुमच्या चांगल्या केसांवर, आणि पाणी ओढणाऱ्या शेंड्यांवर त्याचं मन रमत नाही. ॲमोडायमेथिकोनला धन भाराचे गट असतात, ते खराब जागीच जाऊन बसतं. म्हणून कलर केलेल्यांनी ॲमोडायमेथिकोन शोधायचं, आणि ते कंडिशनरमध्येच मिळालं तर वेगळ्या सीरमचे पैसेही वाचले. दोन कंडिशनरमध्ये अडकला असाल तर ते असलेला उचला, बाकी बाटलीवरची फुलं-फळं बघू नका.

खोबरेलबद्दल आपल्याकडे दोनच पक्ष, आजीचा आणि आजीच्या विरोधातला. 2003 मध्ये मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली, त्यात केसांतलं प्रोटीन वाहून जाणं कमी झालं ते फक्त खोबरेलाने, चांगल्या केसांतही आणि खराब केसांतही. आता कंपनी स्वतःच खोबरेल विकते हे धरून वाचा, पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातलं लॉरिक ॲसिड सरळ आणि छोट्या साखळीचं, ते केसाच्या आत शिरतं, मिनरल ऑइल वरच राहतं. आत तेल असलं की धुताना केस कमी फुगतो. म्हणून न्हायच्या आदल्या रात्री किंवा निदान काही तास आधी लावायचं. पण गेलेला थर काही ते भरून काढत नाही, त्याला भार नाही, वरचं वरचं शॅम्पूबरोबर जातं. आणि तेल काढायला दोनदा घसघशीत शॅम्पू केलात तर कलरही लवकर उतरतो, तेव्हा तळहातावर पसरेल एवढंच घ्या, चंपीसारखं थापू नका.

बाँडवाली ट्रीटमेंट, म्हणजे 2014 पासून ओलाप्लेक्स या ब्रँडमुळे जी लाट आली ती, केसाच्या आतल्या डायसल्फाइड बंधांसाठी (केसाला मजबुती देणारे गंधकाचे बंध) आहे. वरच्या चरबीशी तिचा संबंध नाही. ब्लीच किंवा हायलाइट्स केले असतील, ओला केस ओढल्यावर लांबतच जात असेल आणि तुटत असेल, तर ती घेण्यात अर्थ आहे. नुसते पांढरे झाकायला काळा-ब्राउन लावत असाल तर आधी कंडिशनर सुधारा, हे महागडं नंतर बघू. केस सरळ-गुळगुळीत करणारं केराटिन-स्मूदनिंग तर या कामासाठी नकोच, त्यात फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायॉक्सिलिक ॲसिड असू शकतं, वर गरम इस्त्री, आणि ग्लायॉक्सिलिक ॲसिडच्या प्रॉडक्टनंतर किडनीला इजा झालेल्या रुग्णाची हकीकत डॉक्टरांनी 2024 मध्ये छापलीय.

राहिलं खुद्द 18-एमईए घातलेलं प्रॉडक्ट. हे फॅटी ॲसिड मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनमध्ये मिळतं, आणि जपानच्या काओ कंपनीच्या संशोधकांनी ते धन भाराच्या एका अमाइनबरोबर लावून ब्लीच केलेला केस पुन्हा पाणी झटकणारा करून दाखवला. जोडीदार महत्त्वाचा आहे, एकटं 18-एमईए चोपडून तसा टिकाऊ थर बसत नाही. आणि जोडी असली तरी मूळ बंध परत जुळत नाही, म्हणून बाटलीवर "रिस्टोर" लिहिलेलं असलं तरी ते लावत राहायचंच. सहज आणि परवडेल अशा भावात मिळालं तर घ्या, नाहीतर ॲमोडायमेथिकोनवाल्या कंडिशनरवर काम भागतं.

खरा थर परत येतो तो फक्त मुळातून उगवणाऱ्या नव्या केसाबरोबर, महिन्याला सव्वा सेंटीमीटरच्या आसपास. म्हणून टचअपला रंग फक्त मुळांना लावायला सांगा, उरलेला डबा शेंड्यांपर्यंत ओढायची पार्लरवाल्यांना फार हौस असते.

टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर अजून एक भानगड, त्या ऋण भारावर कॅल्शियम येऊन बसतं आणि केस राठ होतात, मग महाग कंडिशनरही लागू पडत नाही असं वाटतं. अशांनी अधूनमधून ईडीटीए (कॅल्शियम धरून काढणारा घटक) असलेला शॅम्पू वापरावा. आणि केस पातळ असतील तर कंडिशनर कानाखालच्या लांबीलाच लावा, मुळाशी लावलात तर दुपारपर्यंत डोकं चप्प.