‘वन पीस कार्बन फायबर’ म्हणून विकलेला क्लीनिंग रॉड: पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफल मारणाऱ्यांनी आणि पालकांनी वाचावं

काळा, चकचकीत, वर विणीची नक्षी असलेला क्लीनिंग रॉड, म्हणजे रायफलची नळी आतून साफ करायची सळई, कुणी स्पर्धेच्या आवारात ‘जर्मन माल, वन पीस कार्बन फायबर’ म्हणून दाखवत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमच्या क्लबमधल्या चौघांनी तो घेतला, त्यातला एक मी. पैसे तर गेलेच. पण या रॉडचा एक तुकडा क्लबच्या रायफलच्या नळीत अडकून राहिला होता, आणि तो कुणाच्या लक्षात आला नसता तर काय झालं असतं, या विचारानं आजही पोटात गोळा येतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

कोल्हापूरला रायफल नवी नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून मारायच्या प्रकारात) जगज्जेती झाली. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) ब्राँझ जिंकलं. आमच्या रेंजवर आता येणारी पोरं स्वप्नीलचं नाव घेतच येतात. सोबत पालक असतात. कुणाची ऊसशेती, कुणाची एसटीत नोकरी. जॅकेट, पँट, ग्लव्ह, गोळ्या या सगळ्यासाठी पै-पै जोडून पैसे आणलेले असतात. यातलं काही आपल्याला कळत नाही, तेव्हा जो आत्मविश्वासानं बोलेल त्याचं ऐकायचं, अशी त्यांची अवस्था असते. फसवणारे नेमके अशांनाच गाठतात.

हा विक्रेता गाडीची डिकी उघडून बसायचा. स्लिंग (रायफलचा पट्टा), कानातले प्लग, नळी पुसायचे कापडी पॅचेस असा किरकोळ माल. त्याच्याकडचे पॅचेस मी आधी वापरले होते, ते चांगले होते. रॉडची किंमत त्यानं साडेनऊ हजार सांगितली. सोबत ब्रश, जॅग (रॉडच्या पुढे पॅच अडकवायचं टोक) आणि सोल्व्हंटची, म्हणजे नळी साफ करायच्या द्रवाची, लेबल नसलेली बाटली. वर म्हणाला, “सर, एकदा घ्या, आयुष्यात दुसरा रॉड घ्यावा लागणार नाही. एअर रायफल, पॉइंट टू टू, सगळ्याला हाच चालतो.” बिल मागितलं तर “ऑफिसमधून व्हॉट्सॲपला पाठवतो.” पैसे यूपीआयनं घेतले, ते एका व्यक्तीच्या खात्यावर.

घरी आणून पहिल्यांदा लांबी मोजली, ७० सेंटीमीटर. ५० मीटरच्या मॅच रायफलची नळीच साधारण ६६ ते ६९ सेंटीमीटर असते. तिच्या मागे ॲक्शन, म्हणजे बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) सरकतो तो भाग, आणि त्यात बसवायचा बोअर गाइड, म्हणजे रॉड सरळ जावा म्हणून लावायची नळी. मागून घातलेला रॉड नळीच्या पुढच्या तोंडातून बाहेर निघायचा असेल तर तो ९० सेंटीमीटरच्या आसपास तरी हवा. ३६ इंची रॉड सर्रास मिळतात ते त्यासाठीच. मी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “अहो, तोंडाकडून घाला ना! बोल्ट काढायचीपण गरज नाही.”

हे वाक्य ऐकून मी हादरलो. बोल्ट काढायची गरज नाही? नळीत काहीही घालायच्या आधी मॅगझीन असेल तर ते बाहेर, बोल्ट उघडा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी पाहायचं, बोटानं चाचपायचं, आणि मगच बोल्ट काढून बाजूला ठेवायचा. रेंजवर चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ते रिकामं असल्याची खूण, नसेल तर रायफलला हातसुद्धा लावू देत नाहीत. पॉइंट टू टूच्या काडतुसात पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेत असतं. चेंबरमध्ये जिवंत गोळी अडकलेली असताना कुणी समोरून रॉडनं ती ढोसली, तर नळीच्या तोंडासमोर त्याचा स्वतःचा हात असतो. अडकलेली गोळी रॉडनं काढायचीच नाही. रायफल सुरक्षित दिशेला धरून रेंज ऑफिसरला बोलवायचं.

तोंडाकडून न घालण्याचं दुसरं कारण क्राउन. नळीच्या तोंडाची ही कड गोळीला शेवटचा स्पर्श करते. ती एका बाजूनं जराशी जरी झिजली, तरी मागचा गॅस गोळीच्या भोवती सारखा सुटत नाही आणि गोळी ढळते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. एवढ्याशा ढळण्यानंही दहाचा नऊ होतो आणि मुलगा आपल्या श्वासाला आणि ट्रिगरला दोष देत बसतो. काही रायफलींच्या रचनेत मागून रॉड जातच नाही, तिथे तोंडावर बसणारा गाइड लावून सावकाश काम करतात. मॅच बोल्ट रायफलमध्ये ती वेळ येत नाही.

मी माझा रॉड बाजूला ठेवला आणि क्लबच्या ग्रुपवर लांबीबद्दल लिहिलं. तोवर एका नव्या मुलानं विक्रेत्यानं शिकवल्याप्रमाणे क्लबची रायफल साफ करायला घेतली होती. चेंबर रिकामं असल्याची त्यानं खात्री केली होती, हे त्याचं शहाणपण. ब्रश तोंडाकडून आत ढकलला, मध्ये अडकला, त्यानं जोर लावला, मग मागे ओढला. रॉड बाहेर आला तो आखूड. पुढचा तुकडा ब्रशसकट आतच राहिला होता. पोरगं घाबरून रडकुंडीला आलं, पण लपवलं नाही, लगेच सांगायला आलं. त्याचे मी मनापासून आभार मानतो. नळीत अडथळा असताना गोळी सुटली की नळी फुगते किंवा फाटते, आणि रायफलला गाल लावून पडलेला माणूस जखमी होऊ शकतो. आम्ही बोल्ट काढून कपाटात बंद केला, रायफलवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी बांधली आणि ती आर्मररकडे (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे) दिली.

वन पीस म्हणून विकलेला रॉड अर्ध्यात सुटलाच कसा, हे पाहायला मी माझ्या रॉडवर नखानं ओरखडा काढला. मुठीजवळ काळ्या थराची कड सुटली. ब्लेडनं उभी चीर दिली तर अख्खं आवरण सापाच्या कातीसारखं निघून आलं. विजेच्या वायरींवर गरम करून आवळून बसवतात तसली ती प्लास्टिकची नळी, वर कार्बनच्या विणीची छापील नक्षी. आत ॲल्युमिनियमच्या तीन कांड्या आट्यांनी जोडलेल्या, सांध्यावर गोंदाचे पिवळे थेंब. एका सांध्यावर बोट फिरवलं तर कड हाताला लागत होती. ती कड प्रत्येक फेरीला नळीच्या आतून घासत जाणार होती.

मूठही खोटी. बॉल बेअरिंग म्हणून सांगितलं होतं, उघडल्यावर आत फक्त एक स्क्रू आणि वॉशर. नळीच्या आतले आटे (रायफलिंगच्या खाचा) पिळाचे असतात, पॉइंट टू टूमध्ये साधारण १६ इंचांत एक फेरा. ब्रश आत जाताना त्या पिळाबरोबर फिरला पाहिजे, म्हणून रॉडही मुठीत मोकळा फिरावा लागतो. इथे मूठ फिरतच नव्हती. उजव्या पिळाच्या नळीत रॉड पुढे ढकलताना ब्रश अशा दिशेनं वळतो, की साध्या उजव्या आट्यांचे सांधे सुटत जातात. मूठ हातात घट्ट, ब्रश पिळाबरोबर वळतोय, मधला सांधा ढिला होतोय. त्या मुलाच्या हातून काही वावगं झालं नव्हतं. रॉडच तसा बनवला होता.

ब्रश ‘फॉस्फर ब्राँझ’ म्हणून दिला होता. त्याच्या केसांना चुंबक लावला तर तो चिकटला. लोखंडी तारेला वरून पितळी रंग दिलेला. ही तपासणी करताना एक लक्षात ठेवा: काही चांगल्या ब्रशमध्येही मधली पिळलेली तार लोखंडी असते, म्हणून चुंबक बाहेरच्या केसांच्या टोकांना लावायचा. बाटलीतल्या सोल्व्हंटला अमोनियाचा भपकारा. अमोनियाचे सोल्व्हंट तांब्याचा थर काढतात. आपल्या मॅच गोळ्या शिशाच्या, वर वंगण, तांब्याचं कवच नसतं. म्हणजे जी घाण आपल्या नळीत होतच नाही, तिच्यासाठी बिननावाचं रसायन मुलांच्या हातात. कुठलंही सोल्व्हंट वापरा, खोली हवेशीर हवी, हातमोजे आणि चष्मा हवा, आणि बाटलीवर नाव नसेल तर ती उघडूच नये.

आणि तो ‘सगळ्याला चालतो’चा दावा. ४.५ मिलिमीटरची एअर रायफल आणि ५.६ ची पॉइंट टू टू, दोन्हींना एकच रॉड नीट बसणं शक्य नाही. बारीक रॉड मोठ्या नळीत वाकतो आणि भिंतीला घासतो, जाड रॉड लहान नळीत घुसतच नाही. एअर रायफलला धातूचा ब्रश लागतही नाही, तिच्यासाठी फेल्टचे छोटे बोळे मिळतात.

खरा रॉड कसा ओळखायचा, हे मला विचाराल तर मी आधी काचेच्या टेबलावर लोळवून पाहीन. सरळ असेल तर सारखा लोळतो, वाकडा असेल तर उड्या मारतो. मग दोन्ही टोकं धरून हलकं वाकवून सोडीन. कार्बन फायबर परत सरळ येतो, ॲल्युमिनियमच्या कांडीत बाक राहू शकतो. पुढच्या टोकाला, जिथे धातूचा आटा बसवलेला असतो, तिथे भिंगानं पाहीन. आवरण असेल तर त्याची कड तिथेच दिसते. ब्रश लावून मूठ एका हातात घट्ट धरीन आणि ब्रश कापडात पकडून फिरवीन, रॉड मुठीत मोकळा फिरतो का ते कळतं. शेवटी जॅग आणि ब्रशचे आटे हातानं सहज बसतात का ते बघायचं, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे आटे वेगळे असतात आणि ‘थोडा जोर लावा, बसतो’ म्हणणाऱ्याचं ऐकलं की आटे मरतात.

कार्बन बरा, प्लास्टिकचं आवरण असलेला स्टील बरा की नुसता स्टेनलेस, यावर जुने नेमबाज तासन्‌तास भांडतील. माझं मत आवरण असलेल्या, खरोखर एकसंध स्टीलच्या बाजूनं आहे. पण त्याहून महत्त्वाची सवय म्हणजे प्रत्येक फेरीनंतर रॉड कापडानं पुसणं, कारण मऊ पृष्ठभागात रेतीचे, कार्बनचे कण रुतून बसतात आणि मग तोच रॉड कानशीचं काम करतो. बोअर गाइड लावायचा, ब्रश नळीच्या मध्यात उलटा फिरवायचा नाही, पूर्ण बाहेर काढूनच मागे घ्यायचा. काम झाल्यावर कोरडा पॅच फिरवून नळीतून आरपार उजेड दिसतोय याची खात्री करायची. ही शेवटची नजर कधीही चुकवू नका.

आर्मररनं तुकडा काढला आणि बोअरस्कोप (नळीत जाणारा बारीक कॅमेरा) आत घालून स्क्रीनवर आम्हाला दाखवलं. तोंडाजवळ चार वाजण्याच्या दिशेला कडेवर चमकता, झिजलेला पट्टा होता. क्राउन नव्यानं कापावा लागला. नशिबानं आतले आटे वाचले होते, रायफल पुन्हा पहिल्यासारखी ग्रुप देते, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागतात.

विक्रेत्याला फोटो पाठवले. “तुमच्या पोरांचा हात जड आहे,” असं उत्तर आलं आणि नंतर नंबर ब्लॉक. बिल शेवटपर्यंत आलं नाही. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. आमच्या चारही पाकिटांवर यातलं एकही नव्हतं. डिकीतून असो की दुकानातून, एवढं लेबल आधी वाचा. नसेल तर माल ‘जर्मन’ असल्याचा काडीचाही पुरावा नाही.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. बिल नसलं तरी यूपीआयचा व्यवहार क्रमांक, व्हॉट्सॲपवरचे संदेश, मालाचे फोटो हे सगळं जोडता येतं. ऑनलाइन पैसे घेऊन माल पाठवलाच नाही असं ज्यांचं झालंय, त्यांनी आधी १९३० वर सायबर तक्रार करावी, आणि जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त.

तुमच्या किटमध्ये असा काळा रॉड असेल तर आज तो रायफलमध्ये घालू नका. मुठीजवळची कड नखानं उचकटून बघा. आवरण सुटलं तर तसाच रॉड, पाकीट आणि बाटली एका पिशवीत भरून ठेवा, चॅट डिलीट करू नका, आणि आपल्या क्लबच्या सेक्रेटरींना कळवा.