माता-बाल संरक्षण कार्ड: दिवस गेलेत कळलं की आधी हे घ्या

महापालिकेच्या दवाखान्यात जे माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं ना, त्याचा हा रिव्ह्यू आहे. प्रेग्नन्सी अ‍ॅपचे, पाळण्यांचे, ब्रेस्ट पंपचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात पण या कार्डाबद्दल कोणी लिहीत नाही, आणि मला विचाराल तर बाळंतपणासाठी घरात आलेल्या सगळ्या वस्तूंमधे हीच सगळ्यात कामाची निघाली, आणि ती पूर्ण मोफत आहे.

आम्ही पुण्यात धनकवडीत राहतो. आशाताई घरी येऊन सांगून गेल्या की बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, म्हणून आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन गेले. गर्दी असते, सकाळी लवकर जा. वजन, बीपी, रक्त, लघवी सगळं तिथेच झालं आणि सिस्टरनी समोर बसवून कार्डावर लिहिलं, शेवटच्या पाळीची तारीख, बाळंतपणाची अंदाजे तारीख, रक्तगट, आयर्नच्या गोळ्या (गरोदरपणात १८० आणि बाळंतपणानंतर परत १८०), आणि आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी नोंदणीत आई-बाळाला मिळणारा नंबर. तो नंबर जपून ठेवा, सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५,००० रुपये मिळवायला लागतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून सुरू आहे, तीही सोडू नका.

आता खरा उपयोग कुठे झाला ते सांगते. मधले काही महिने मी एका खाजगी हॉस्पिटलमधेही दाखवत होते, तिथे कार्ड पुढे केलं की "हे सरकारी कार्ड आमच्याकडे लागत नाही" म्हणून परत द्यायचे, मला फार राग यायचा कारण लिहायला दोन मिनिटं लागतात. मग मीच घरी येऊन त्यांच्या रिपोर्टवरचे आकडे कार्डात भरायचे. पुढे बाळंतपणाला माहेरी बार्शीला गेले, तिथल्या डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि कार्ड उघडलं, हिमोग्लोबिन तिसऱ्या महिन्यात १०.२ आणि पाचव्यात ९.४ हे एका ओळीत शेजारी शेजारी दिसलं, लगेच एकाच्या दोन गोळ्या केल्या. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे, म्हणजे अर्धी तपासणी पुण्यात आणि अर्धी दुसऱ्या गावात, अशा वेळी बाईबरोबर फिरणारा कागद पाहिजेच.

पण या कार्डाचं सगळ्यात भारी पान म्हणजे बाळाच्या वजनाचा आलेख. मुलीचा वेगळा, मुलाचा वेगळा, खाली महिने, बाजूला किलो, आणि हिरवा, पिवळा, केशरी असे पट्टे. माझी लेक पाचव्या महिन्यात ६ किलो २०० होती, सहाव्यात ६ किलो ३००, सातव्यातही ६ किलो ३००. हिरव्यातच होती म्हणून घरात सगळे निवांत. अंगणवाडीच्या ताईंनी तिसरा ठिपका काढला, पेनने तिन्ही ठिपके जोडले आणि म्हणाल्या, "पट्टा नका बघू ताई, रेघ बघा, आडवी झालीय." मग काय काय भरवता ते विचारलं. आम्ही डाळीचं पाणी आणि पातळ पेज देत होतो, त्यांनी घट्ट वरण-भात कुस्करून वर तूप घालून द्यायला सांगितलं, चमच्यावरून सांडणार नाही इतपत घट्ट. पुढच्या दोन महिन्यांत रेघ परत वर गेली. नुसतं "वजन किती" विचारणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपपेक्षा पेनने ओढलेली ती रेघ मला जास्त मोलाची वाटते.

आणि तेव्हापासून राज्याचे आकडे पण मी असेच बघते. महाराष्ट्रात वयाच्या मानाने उंची कमी असलेली पाच वर्षांखालची मुलं २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४६.३ टक्के होती, २०१५-१६ ला ३४.४ वर आली, किती छान उतरली, आणि २०१९-२१ ला ३५.२. म्हणजे इथेही रेघ आडवीच झाली ना! राज्यात माता मृत्यूचं प्रमाण २००४-०६ मधे लाख जिवंत जन्मांमागे १३० होतं, २०१८-२० मधे ३३, लगेच पुढच्या २०१९-२१ च्या आकड्यात ३८. यात कोविडचा काळ आहे, आणि देशाच्या तेव्हाच्या ९३ पेक्षा आपण खूप चांगले होतो, संयुक्त राष्ट्रांनी २०३० साठी ठरवलेल्या ७० च्या पण आतच होतो, म्हणजे पट्टा हिरवाच. पण पट्टा हिरवा आहे म्हणून कोणी निवांत बसू नये एवढंच म्हणणं आहे, त्यातली एकेक बाई कोणाच्या तरी घरची असते.

आता तक्रार. उंची! वजन दर महिन्याला होतं पण झोपवून लांबी मोजायची राहूनच जाते, माझ्या कार्डात ते रकाने बरेच रिकामे आहेत. खुरटलेपण तर उंचीवरूनच कळतं. यात ताईंचा दोष नाही, एका हातात वळवळणारं पोर आणि दुसऱ्या हातात पोषण ट्रॅकर (अंगणवाडीचं सरकारी अ‍ॅप) उघडलेला फोन, तीच माहिती परत रजिस्टरमधे, एकटी बाई किती करणार? माणसं वाढवा. दुसरं, कार्डाचा कागद घडीवर फाटतो, प्लास्टिकच्या कव्हरमधे ठेवा.

आईची पानं आधी आणि बाळाची नंतर आहेत हेही मला आवडलं. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने १९९३ पासून आसपासच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, आणि ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध जास्त घेत होत्या त्यांची बाळं जास्त वजनाची निघाली. म्हणून सासूबाईंनो, सुनेच्या ताटात मेथी-चाकवत आधी वाढा.

लसींचं पान सरळ आहे, पुढची तारीख सिस्टर पेन्सिलने लिहून देतात.

५ पैकी ४. खाजगीत बाळंत होणार असाल तरी घ्याच, आणि प्रत्येक भेटीनंतर पानांचे फोटो काढून ठेवा, कार्ड हरवलं तर नवीन मिळतं पण आलेखातले ठिपके परत मिळायला फार खटपट पडते.