मराठी बोलून टाइप करायची सोय: मालवणच्या खानावळीतून

कीबोर्डवरचा माइक दाबला की बोललेलं मराठी लिहून येतं, ती सोय मी खानावळीसाठी वापरते. सकाळी माझे हात माशांत असतात. मी मेनू सांगते, चौथीतली मुलगी तो फोनला सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. दर, वेळ, 'ऑर्डर दहापर्यंत द्या' हे सगळं चोख येतं, जोडाक्षरं शोधत बसावं लागत नाही. त्याबद्दल पूर्ण गुण.

घोळ होतो माशांच्या नावांत. 'सुंगटा' म्हटलं की 'संकट' उमटतं, 'इस्वण' म्हटलं की 'ईश्वर'. यंत्राला ज्या आवाजांवर शिकवलं त्यात जो शब्द नसेल, त्याच्या जागी ते ओळखीतला जवळचा शब्द बसवतं. कीबोर्डच्या शब्दकोशात ही नावं घालून बघितली. हाताने टाइप करताना सुचतात, बोलताना काही फरक नाही.

यंत्र चुकलं तर मी दुरुस्त करीन. पण इथे पोरच स्वतःला दुरुस्त करतेय. "आये, फोनाक कळना नाय, दुसरा कायतरी सांग," म्हणते आणि सुंगटांची कोळंबी, इस्वणाची सुरमई करून टाकते. तिसरे, खुबे, कालवं या तिघांचे तर सरसकट 'शिंपले' झाले. आता जेवायला बसल्यावरही ती शिंपलेच मागते. अगो, कालवं खडकावरून फोडून काढायची, तिसरे ओहोटीला वाळूत चाचपून! चव वेगळी, मसाला वेगळा. नाव गेलं की हेही तिला कोणी सांगणार नाही, याचा मला फार त्रास होतो.

इंग्रजीतही असं घडलंय. ऑक्सफर्डच्या छोट्यांच्या शब्दकोशातून 2007 च्या आवृत्तीत खंड्या पक्ष्याचं नाव गेलं आणि ब्रॉडबँड आला. 2015 मध्ये तिकडच्या लेखकांनी पत्र लिहून हरकत घेतली. इस्वणासाठी म्हणून मी हे लिहितेय.

सध्या घरात ठरवलंय: दर आणि वेळ बोलून, माशांची नावं हाताने. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपली की मेनू रोज बदलतो, तेव्हा यात वेळ जातो. जाऊ दे.

बनवणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या बायकांचे, मुलांचे आवाज नोंदवून घ्यावेत. मासळीच्या लिलावात येऊन उभे राहिले तरी ढीगभर नावं मिळतील. तोवर माझ्याकडून पाचपैकी तीन. पत्रव्यवहाराला, हिशेबाला खुशाल वापरा. घरात मालवणी बोलणारं लहान मूल असेल तर मेनू मात्र तुम्हीच लिहा.