हाताने काढलेले जुने ॲनिमेशनपट डिस्कवर: दिवाळी ते पावसाळा वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत आम्ही फोरके, म्हणजे साध्या ब्लू-रेहून जास्त बारकाईचं चित्र दाखवणारा, ब्लू-रे प्लेअर घेतला. टीव्ही आधीचाच, पंचावन्न इंची. लेक तेव्हा पहिलीत होती. तिच्या सिनेमा बघण्याची सुरुवात हाताने काढलेल्या जुन्या ॲनिमेशनपटांपासून व्हावी, असं मला मनापासून वाटत होतं. आता पावसाळा अर्धा सरलाय आणि शनिवारची संध्याकाळ सिनेमाची, हे घरात ठरून गेलंय. या लेखात प्लेअरबद्दल कमी आणि डिस्कबद्दल जास्त आहे, कारण खरा फरक डिस्कमुळे पडतो.

ऐंशी वर्षांपूर्वीच्या सिनेमात फोरकेमुळे असं काय वेगळं दिसणार, असा प्रश्न घरातूनच आला होता. वेगळी दिसते ती रेषा. त्या काळी ॲनिमेटरचं पेन्सिलीचं चित्र सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ पानावर, शाईने गिरवायचे आणि सेलच्या मागच्या बाजूने रंग भरायचे. डिस्ने स्टुडिओत हे काम प्रामुख्याने बायका करायच्या. रेषा सगळीकडे काळी नसायची. गालाच्या कडेला गुलाबीसर, निळ्या कपड्याला गडद निळी, असा जिथे जो रंग तिथे त्याच्या जवळची शाई. पात्राचा श्वास, संकोच, डोळ्यांतली चलबिचल हे सगळं त्या रेषेच्या जाडी-बारकीत असतं. ती रेषा नीट दिसली नाही तर अभिनयच अर्धा जातो.

‘सिंड्रेला’मुळे हे मला फार स्पष्ट कळलं. सिनेमा 1950 चा. आमच्याकडे त्याच्या दोन डिस्क आहेत. 2012 ची ब्लू-रे धाकट्या दिराने न्यू जर्सीहून येताना आणली होती आणि 2023 ची फोरके मी नंतर मागवली. 2012 ची आवृत्ती पहिल्या नजरेत स्वच्छ, चकचकीत वाटते. पण नीट बघा. फिल्मचा दाणा, ज्याला ग्रेन म्हणतात, तो काढून टाकण्याच्या नादात बारीक रेषाही गेल्यात. चेहरे सपाट झालेत. केसांच्या बटा आणि कपड्याच्या चुण्यांवर, रांगोळीवरून कुणी ओला हात फिरवावा, तसं झालंय. ही तक्रार माझ्या एकटीची नाही, त्या आवृत्तीवर जगभर टीका झाली होती.

2023 च्या डिस्कसाठी मूळ नायट्रेट निगेटिव्ह (त्या काळच्या नायट्रेट फिल्मवरची) फोरकेमध्ये स्कॅन झाली. एरिक गोल्डबर्ग आणि मायकेल जायमो हे डिस्नेमधलेच अनुभवी चित्रकार सल्ल्याला होते आणि त्या वर्षी फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात ही प्रत दाखवली गेली. इथे दाणा आहे, शाई आहे, पार्श्वभूमीच्या रंगाचे फटकारे आहेत. नाचाला जातानाचा झगाही खेळण्याच्या दुकानातल्या निळ्या रंगापेक्षा चंदेरीकडे झुकलेला दिसतो. माझी लेक सिनेमा चालू असताना उठून टीव्हीपाशी गेली आणि म्हणाली, “आई, हे कुणीतरी काढलंय!” मला तिच्याकडून नेमकं हेच हवं होतं.

इतक्या जुन्या सिनेमाचा रंग इतका ताजा कसा, याचं कारण मला फार आवडतं. त्या काळी डिस्नेमध्ये प्रत्येक चित्राचे तीन फोटो घेत. लाल, हिरवा आणि निळा फिल्टर लावून, एकामागोमाग, एकाच काळ्या-पांढऱ्या फिल्मवर. ॲनिमेशनमध्ये चित्र जागेवरून हलत नसल्यामुळे हे शक्य होतं. निगेटिव्ह काळी-पांढरी, म्हणजे त्यात फिका पडेल असा रंगच नाही. आज ते तिन्ही फोटो स्कॅन करून पुन्हा एकावर एक बसवले की रंग परत मिळतो. नंतरच्या काळातल्या कितीतरी रंगीत निगेटिव्ह विटून गेल्या, आणि हे त्यांच्याहून जुने सिनेमे टवटवीत राहिले.

‘बॅम्बी’ (1942) आमच्याकडे साध्या ब्लू-रेवर आहे आणि त्या सिनेमाला तेवढी पुरते. त्यातलं जंगल टायरस वाँग या चिनी-अमेरिकन चित्रकाराच्या कल्पनेतून आलंय. सुंग काळातल्या चिनी निसर्गचित्रांचा त्यांच्यावर प्रभाव होता. पानन्‌पान न काढता धुकं, ओल आणि उजेड यांवर सगळा भर. पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ काहीच घडत नाही, आणि मुलगी हलली नाही. आईच्या मृत्यूच्या प्रसंगाची मला काळजी होती. तो प्रसंग थेट दाखवलेला नाही, बंदुकीचा आवाज येतो आणि बर्फ पडत राहतो. तिने माझा हात धरला, बराच वेळ बोलली नाही आणि झोपताना प्रश्न विचारले. त्यापेक्षा ‘पिनोकिओ’मधला (1940) मुलाचं गाढव होण्याचा प्रसंग तिला खूप जास्त लागला. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना तो एकट्याने बघू देऊ नका. सिनेमा मात्र नक्की दाखवा. वेगवेगळ्या अंतरावरच्या काचांवर चित्रं ठेवून मल्टिप्लेन कॅमेऱ्याने घेतलेलं त्यातलं गाव आजही बघत राहावं असं आहे.

जुन्या सिनेमांची एक सोय मला आधी लक्षातच आली नव्हती. ते छोटे आहेत. ‘डंबो’ 64 मिनिटांचा, ‘बॅम्बी’ 70 मिनिटांचा, ‘सिंड्रेला’ सव्वा तासाच्या आत. सातला लावला की साडेआठच्या आत जेवायला बसता येतं. हल्लीचे कौटुंबिक ॲनिमेशनपट पावणेदोन तासांच्या घरात जातात आणि शेवटची वीस मिनिटं मूल पेंगत असतं.

1961 च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून रेषा बदलते. झेरॉक्सच्या तंत्राने ॲनिमेटरची पेन्सिल थेट सेलवर उतरवली जाऊ लागली. शाईने गिरवणं वाचलं, खर्च वाचला, आणि इतक्या ठिपक्यांची कुत्री काढणं शक्य झालं. सिनेमाभर मिळून 64 लाखांहून जास्त ठिपके आहेत, असं तेव्हा प्रसिद्धीत सांगितलं गेलं होतं. या काळातली रेषा खरखरीत आहे, कुठेकुठे कच्च्या आराखड्याच्या रेघाही राहून गेल्यात. माझ्या मते तेच तिचं सौंदर्य आहे, कारण मधे दुसरा हात नाही, ॲनिमेटरचाच हात दिसतो. म्हणून या काळातले सिनेमे घासूनपुसून काढले की नुकसान दुप्पट होतं. ‘द सोर्ड इन द स्टोन’ची (1963) 2013 मध्ये आलेली ब्लू-रे याच कारणासाठी मी कुणाला सुचवणार नाही. तिच्यात हलताना रेषा विरघळते, थांबल्यावर परत येते.

‘द जंगल बुक’ (1967) बघताना आमच्याकडे सर्वांत जास्त गप्पा झाल्या. वॉल्ट डिस्नेने जातीने लक्ष घातलेला हा शेवटचा सिनेमा, तो पूर्ण होण्याआधीच डिसेंबर 1966 मध्ये त्याचं निधन झालं. पेंच आम्ही पाहिलेलं आहे, नागपूरच्या बाजूने. किपलिंगच्या गोष्टींमधलं सिवनी त्याच पट्ट्यातलं. त्यामुळे लेकीने लगेच विचारलं, पेंचमध्ये ओरांगउटान कुठे होता? बरोबर आहे तिचं. ओरांगउटान बोर्निओ आणि सुमात्रात असतो, आपल्याकडे नाही, आणि तो माकडांचा राजा किपलिंगच्या पुस्तकातही नाही. बघीरा चालतो तेव्हा खांद्याची हाडं कातडीखालून कशी वरखाली होतात ते मात्र तिने मला दाखवलं. तो एवढासा तपशील पेन्सिलीने काढलेला आहे आणि साठ वर्षांनी आमच्या बैठकीच्या खोलीत दिसतोय, याचा मला फार आनंद होतो.

आता टीव्हीच्या सेटिंगबद्दल. हे वाचून कुणी एवढं एकच केलं तरी लिहिल्याचं सार्थक. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण चित्राच्या मेनूत ते सापडतं. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम चालतो आणि हाताच्या ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. कोणतं चित्र किती वेळ टिकवायचं हे ॲनिमेटरने विचार करून ठरवलेलं असतं. टीव्ही मधल्या जागी स्वतःची चित्रं घुसवतो, मग हात-पाय पाण्यात हलल्यासारखे दिसतात आणि रेषेभोवती धूसर कडा येते. नॉइज रिडक्शनही बंद. शार्पनेस कमी. आणि चित्र ताणून पडदा भरू नका. 1953 च्या आधीचे सिनेमे जवळपास चौकोनी आहेत, त्यांना डावी-उजवीकडे काळी जागा असायलाच हवी. ‘स्लीपिंग ब्यूटी’ (1959) याच्या उलट अतिशय रुंद आहे, तिथे काळी पट्टी वर-खाली येते. आयव्हिंड अर्ल यांच्या पार्श्वभूमीतलं एकेक झाड कडेपर्यंत रचलेलं आहे. जुन्या कॅसेटवर त्या सिनेमाच्या दोन्ही बाजू कापलेल्या असायच्या.

स्ट्रीमिंगवर हेच सिनेमे मिळतात, मग डिस्क कशाला? आम्ही दोन्हीकडे पाहून ठरवलं. फोरके डिस्कवर सेकंदाला शंभर मेगाबिटच्या आसपास माहिती येऊ शकते, स्ट्रीमिंगवर साधारण त्याच्या पाव भाग किंवा त्याहून कमी. डिजिटल ॲनिमेशनला ते चालून जातं. पण फिल्मचा दाणा प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो, त्यामुळे माहिती कमी पडली की आधी बळी जातो त्याचा. धुक्याच्या आणि संध्याकाळच्या दृश्यांत हे ताबडतोब दिसतं. शिवाय कोणती आवृत्ती बघतोय ते डिस्कवर माहीत असतं.

माळ्यावरच्या जुन्या डिस्कही काढून बघितल्या. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 पिक्सेलचं, आजच्या टीव्हीवर बघवत नाही. पण त्यांच्याबद्दल मला कृतज्ञता आहे. 2007 च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणल्या तेव्हा कितीतरी मराठी घरांत पहिल्यांदा स्वतःच्या मालकीचे सिनेमे आले. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर सिनेमा 24 ऐवजी 25 फ्रेमने चालतो, म्हणून 100 मिनिटांचा सिनेमा 96 मिनिटांत संपतो आणि गाण्यांची पट्टी जरा वर चढते. ब्लू-रेवर तीच गाणी मूळ लयीत ऐकल्यावर सासूबाईंना ती “जरा सावकाश” वाटली. ऐकण्याची सवयच तशी झालेली होती.

मागवताना रिजन, म्हणजे डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल तो विभाग, बघावा लागतो. साध्या ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ रिजनमध्ये आहे, अमेरिका ‘ए’ मध्ये. काही डिस्क सगळीकडे चालतात, काही नाही, त्यामुळे मागच्या बाजूची खूण वाचा. फोरके डिस्कला रिजनची अडचण नाही. किंमत जास्त आहे, बाहेरून मागवली तर कुरिअर आणि सीमाशुल्क धरून एकेक डिस्क दोन-अडीच हजारांच्या घरात जाते. आम्ही महिन्याला एकच घेतो. पावसाळ्यात डिस्क दमट कपाटात ठेवू नका, आणि पुसायची वेळ आली तर मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही.

डिस्नेबाहेरचे दोन सिनेमे. ‘माय नेबर टोटोरो’ (1988) जपानी भाषेत लावतो आणि इंग्रजी सबटायटल मी मराठीत सांगत जाते. बोलणं कमी, पाऊस, झाडं आणि शांतता जास्त, त्यामुळे सांगणं जड जात नाही. सासूबाईंचा हा सर्वांत आवडता. एक महत्त्वाची सूचना: जपानमध्ये हा सिनेमा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ सोबत जोडून दाखवला गेला होता. एकाच स्टुडिओचा म्हणून तो लहान मुलांना लावू नका. युद्धात उपासमारीने मरणाऱ्या भावंडांची ती गोष्ट आहे, मोठ्यांनी बघावी अशी.

दुसरा ‘द आयर्न जायंट’ (1999), ब्रॅड बर्डचा. थिएटरमध्ये पडला आणि पुढे घराघरांत कॅसेट-डीव्हीडीवर लोकांनी त्याला आपलंसं केलं. मुलगा हाताने काढलेला आहे, यंत्रमानव संगणकावर. दोघे एका जगातले वाटावेत म्हणून यंत्रमानवाच्या रेषेत मुद्दाम हाताचा हलकासा कंप घातला होता. चांगल्या ब्लू-रेवर तो दिसतो. दोन वाढीव प्रसंगांची ‘सिग्नेचर एडिशन’ घ्या.

काही जुन्या सिनेमांत माणसांचं चित्रण आज खटकतं. ‘डंबो’मधले कावळे, ‘पीटर पॅन’मधले मूळनिवासी. मी ते प्रसंग कापत नाही, थांबवून बोलते. पण त्यासाठी सिनेमा मोठ्यांनी आधी बघून ठेवायला हवा.

आणि एक सिनेमा मला या कपाटात मनापासून हवा आहे. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन या दिग्दर्शकांचं जपानी-भारतीय ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’. सुमारे एक लाख हातचे सेल, वनराज भाटिया यांचं संगीत. माझ्या पिढीने तो टीव्हीवर फिकट रंगांत पाहिला. जानेवारी 2025 मध्ये फोरके प्रत थिएटरमध्ये आली. अरुण गोविल यांच्या आवाजातलं जुनं हिंदी डबिंग आणि नवं डबिंग, दोन्ही ट्रॅक असलेली, दाणा न पुसलेली चांगली डिस्क भारतात निघाली, तर मी दोन प्रती घेईन. एक आमच्यासाठी, एक लेकीच्या शाळेच्या वाचनालयासाठी.